सामान पोचवायला जाताना तोंड झाकायचं की नाही?

प्रेषक: सचिव
सोमवार, ३० मार्च २०२०, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

पाडवा यंदा ज्याने त्याने आपापल्या बाल्कनीत उभारला. कार्यक्रमाच्या तिकिटांचे पैसे परत मिळतील, खजिनदारांच्या मागे लागू नका. आता मुद्द्याचं.

कोरोनामुळे १७ मार्चपासून इथे कॅलिफोर्नियात, बे एरियात घरी बसण्याचा हुकूम आहे. २२ तारखेपासून भारतात परदेशी विमानं उतरत नाहीत, त्यामुळे भेटीला आलेले कितीतरी आईवडील इथेच अडकले आहेत. अशा १७ घरांना आपले ११ स्वयंसेवक किराणा आणि औषधं पोचवतात. काल एका दिवसात दोन तक्रारी आल्या. सनीव्हेलच्या एका आजींनी मास्क लावलेला मुलगा दारात पाहून दार लावून घेतलं आणि मला फोन केला, "आजारी पोराला कशाला पाठवलंत?" संध्याकाळी मिलपिटासहून फोन: "तुमचा मुलगा उघड्या तोंडाने आला आणि दारात दहा मिनिटं गप्पा मारून गेला." मुलगा एकच. सकाळी बोलणी खाल्ली म्हणून त्याने दुपारी मास्क काढला होता.

मंडळाच्या कागदपत्रांत शोधलं. 'मुखवटा' हा शब्द फक्त नाट्यसमितीच्या सामानाच्या यादीत आहे. तेव्हा शनिवारच्या फेरीआधी आपणच काय ते ठरवू. मतं कळवा.

• • •

प्रेषक: फ्रीमाँटचे काका
सोमवार, ३० मार्च, रात्री १०.०२

सचिवसाहेब, यात ठरवायचं काय? नाही लावायचा.

२९ फेब्रुवारीला देशाच्या सर्जन जनरलनी, म्हणजे सरकारच्या प्रमुख वैद्यकीय प्रवक्त्यांनी, जेरोम ॲडम्स यांनी, स्वतः ट्विट करून सांगितलं की मास्क विकत घेणं थांबवा, सामान्य माणसाला त्याचा उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते: आजारी असाल किंवा आजाऱ्याची सेवा करत असाल तर लावा. आपण काय त्यांच्यापेक्षा शहाणे?

शिवाय मी इथे ३१ वर्षं आहे. मास्क लावून दुकानात शिरलं की लोक दोन पावलं मागे सरकतात. माझ्या एका चिनी शेजाऱ्याला परवा पार्किंगमध्ये शिव्या ऐकाव्या लागल्या, कारण काय तर तोंडावर मास्क. आपल्या कॉलेजातल्या मुलांना असल्या प्रसंगात ढकलायचं? आणि मास्क लावला की माणसाला उगाच अवसान येतं, हात धुवायचं राहून जातं. पिशवी ठेवावी, बेल वाजवावी, सहा फूट मागे व्हावं. पुरे.

• • •

प्रेषक: सॅन रॅमन
सोमवार, ३० मार्च, रात्री १०.१५

विषयांतराबद्दल क्षमस्व. कोणाकडे जास्तीची कणीक आहे का? तीन दुकानं पालथी घातली. मैद्याच्या पोळ्या खाऊन सासरे बोलेनासे झालेत.

• • •

प्रेषक: क्युपर्टिनो
सोमवार, ३० मार्च, रात्री ११.४०

काका, तुमचा मान राखून लिहितो.

त्या ट्विटमध्ये दोन वाक्यं होती. एक, सामान्य लोकांना मास्कचा उपयोग होत नाही. दोन, डॉक्टर-नर्सना मिळाले नाहीत तर सगळ्यांनाच धोका. म्हणजे "आंबे आंबट आहेत, घेऊ नका, आणि पेटी पाहुण्यांसाठी राखून ठेवा." दुसरं वाक्य शंभर टक्के खरं आहे. पण त्या खऱ्या वाक्याला आधार म्हणून पहिलं कशाला जोडलं?

कालची बातमी वाचलीत का? वॉशिंग्टन राज्यात माउंट व्हर्नन म्हणून गाव आहे. तिथल्या गायकवृंदाची १० मार्चला तालीम झाली. साठ माणसं, अडीच तास. दारातच सॅनिटायझर ठेवलं होतं, मिठ्या आणि हस्तांदोलन टाळलं होतं, कोणी खोकत-शिंकत नव्हतं. त्यांतले ४५ जण आजारी पडले, दोघं गेले. म्हणजे हात स्वच्छ होते, अंतरही जमेल तितकं ठेवलं होतं. उघडी होती ती तोंडं.

आपल्या पाडव्याच्या समूहगीताची तालीम ८ मार्चला झाली. २२ जण, बंद खोली, मी पहिल्या रांगेत सगळ्यात मोठ्याने. आपलं नशीब म्हणायचं, दुसरं काय.

"आजारी असाल तर लावा" याला माझी हरकत एवढीच: आपण आजारी आहोत हे आपल्याला आधी कळायला हवं ना?

• • •

प्रेषक: सांता क्लारा (नर्स)
मंगळवार, ३१ मार्च, सकाळी ८.०५

रात्रपाळीहून आत्ता आलेय, थोडक्यात लिहिते. कुठल्या हॉस्पिटलात आहे ते विचारू नका.

माझा एन-९५ कागदाच्या पिशवीत असतो, वर माझं नाव. पाळी संपली की पिशवीत, पुढच्या पाळीला तोच. तीन महिन्यांपूर्वी असं केलं असतं तर मला घरी पाठवलं असतं. तेव्हा काकांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. दुकानातून एन-९५ किंवा निळे सर्जिकल मास्क कोणी आणू नका. उलट तुमच्याकडचे द्या. २०१८ च्या नोव्हेंबरात पॅरडाइज गाव वणव्यात जळलं तेव्हा धुरासाठी प्रत्येकाने खोकी आणली होती. गराजमध्ये बघा. न उघडलेलं खोकं असेल तर मी येऊन घेऊन जाईन.

कापडाचा मात्र जरूर लावा. त्याने तुमचा बचाव थोडाफारच होईल, पण बोलताना तोंडातून जे उडतं ते बरंचसं कापडात अडतं. तुम्ही जाताय पंचाहत्तरीच्या माणसांच्या दारात.

झोपते.

• • •

प्रेषक: फ्रीमाँटचे काका
मंगळवार, ३१ मार्च, सकाळी ९.३०

ताई, तुमच्यापुढे काय बोलणार. गराजमध्ये बघतो. पण माझ्याकडे पॅरडाइजच्या वेळचे पुढे प्लास्टिकची झडप असलेले उघडे पडलेत. ते मुलांनी वापरायला काय हरकत? तुम्हाला तर ते चालणार नाहीत, आणि कापडापेक्षा शंभरपट चांगले.

• • •

प्रेषक: सांता क्लारा (नर्स)
मंगळवार, ३१ मार्च, दुपारी ४.२०

काका, चांगले कोणासाठी? आत येणारी हवा ते गाळतात. बाहेर जाणारा श्वास झडपेतून न गाळता निघतो, म्हणूनच ते लावल्यावर गुदमरायला होत नाही. धुरासाठी ते ठीक होतं, धूर बाहेर होता. आता कदाचित आपणच धूर असू. वापरायचाच झाला तर झडपेवरून कापड बांधा.

• • •

प्रेषक: डब्लिन (कॅलिफोर्नियाचं)
मंगळवार, ३१ मार्च, संध्याकाळी ६.५५

आमचे बाबा ८१ वर्षांचे आहेत. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, ओठ बघून समजून घेतात. मास्कवाला मुलगा आला की त्यांच्या दृष्टीने मुकाच आला. गेल्या वेळी रक्तदाबाच्या गोळ्यांऐवजी नुसता ईनो पोचला, तेव्हा मास्क नसताना हे झालं. नियम काहीही करा, पण काहीतरी सोय करा.

• • •

प्रेषक: क्युपर्टिनो (सासूबाई लिहितायत)
बुधवार, १ एप्रिल, सकाळी ११.३०

मुलांनो, मी जावयाच्या पत्त्यावरून लिहिते आहे. परवा रात्री आंब्याचं लिहिलं तो आमचा जावई. जानेवारीत नातीच्या बारशाला आले, आज परतीचं विमान होतं, ते गेलं. घरात शिलाई मशीन आहे आणि मी रिकामी आहे.

तुमच्या पत्रांत चीन आला, वॉशिंग्टन आलं, पण पुण्यातलं २००९ साल कोणाला आठवलं नाही. तुम्ही तेव्हा इथे होतात म्हणा. ३ ऑगस्टला चौदा वर्षांची एक मुलगी स्वाइन फ्लूने गेली. देशातला पहिला मृत्यू. पुढच्या आठ दिवसांत अख्खं पुणं तोंड बांधून फिरत होतं. शाळा बंद, सिनेमा बंद, नायडू हॉस्पिटलपुढे तपासणीच्या रांगा. औषधाच्या दुकानातले मास्क संपले, मिळाले तर मागाल तो भाव. मग आम्ही रुमालाची चौघडी करून बांधायला लागलो. स्कूटीवरच्या आमच्या मुली तर धुळीपायी कायमच डाकूराणीसारख्या स्कार्फ गुंडाळून हिंडतात. त्यांना वेगळं काही करावंच लागलं नाही. त्या दिवसांत तोंड बांधलेल्याकडे कोणी वळून बघत नव्हतं. उघडं तोंड घेऊन पीएमटीत चढलेल्याकडे बघत होते.

काकांनी लिहिलेली भीती खोटी नाही. एकट्याने लावला की तो रोगी दिसतो. पण अकराच्या अकरा मुलांनी लावला तर तो गणवेश होतो. सनीव्हेलच्या आजींना मी फोन करते, आमची ओळख बागेत फिरायला जाताना झाली आहे.

आता दुसरी बाजू. गणपती येईपर्यंत पुण्यात निम्म्या लोकांचे मास्क हनुवटीवर आले होते. बोलायला खाली, चहाला खाली, थुंकायला खाली, मग त्याच हाताने वर. तसं करायचं असेल तर माझा वेळ घालवू नका.

शिवायचं असं. सुती कापड घ्यायचं, घट्ट विणीचं. दिव्यापुढे धरून बघायचं, पलीकडे दिवा लख्ख दिसला तर ते कापड नको. उशीचा अभ्रा उत्तम. जुनी मलमल मऊ असते पण विरून जाळी झालेली असते, तिचे चार पदर घ्यावे लागतात. इलॅस्टिक कुठेच मिळत नाहीये, तेव्हा परकराची नाडी घाला: वरची गाठ डोक्यामागे, खालची मानेवर. कानांनाही त्रास नाही. नाकावर, ब्रेडच्या पिशवीला बांधलेली तार येते ना, ती शिवून टाका, म्हणजे चष्म्यावर वाफ धरत नाही. घरी आलं की मागून नाडी सोडायची, पुढे हात लावायचा नाही, थेट साबणाच्या पाण्यात.

पैठणीचे शिवून द्याल का, असा एका बाईंचा फोन येऊन गेला. काठ नाकाला टोचेल, हे न शिवताच सांगते.

अकरा जणांना दोन-दोन, म्हणजे २२. अभ्रे माझ्याकडे सहा आहेत, त्यांतले दोन फुलाफुलांचे. मुलांनी कुरकुर करायची नाही. डब्लिनच्या आजोबांसाठी मुलांनी पाटी न्यावी. आमच्याकडे नातवाची आहे, पेन्सिलीसकट देईन.

• • •

प्रेषक: क्युपर्टिनो
बुधवार, १ एप्रिल, दुपारी १.१०

काल सीडीसीचे, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे, संचालक रेडफील्ड रेडिओवर म्हणाले की लागण झालेल्यांपैकी २५ टक्क्यांपर्यंत लोकांना कदाचित काहीच लक्षणं दिसत नसतील, आणि मास्कबद्दलचा सल्ला पुन्हा तपासला जातोय. एवढं सांगायला आलो होतो. सासूबाईंनी माझाही अभ्रा नेला आहे.

• • •

प्रेषक: सॅन रॅमन
बुधवार, १ एप्रिल, दुपारी १.४०

कणकेचं कोणीच काही बोललं नाही.

• • •

प्रेषक: सचिव
शुक्रवार, ३ एप्रिल, रात्री ८.४५

मंडळी,

आज सीडीसीने सल्ला बदलला. किराणा दुकान, औषधाचं दुकान, जिथे अंतर राखणं कठीण तिथे सगळ्यांनी कापडाने नाक-तोंड झाकावं. सर्जिकल आणि एन-९५ दवाखान्यांसाठी सोडावेत. हे जाहीर करतानाच राष्ट्राध्यक्ष ट्रम्प म्हणाले की हे ऐच्छिक आहे आणि मी स्वतः काही लावणार नाही. म्हणजे काकांना अखेर एक वजनदार अनुमोदक मिळाले.

आपल्यात मात्र ऐच्छिक नाही. उद्यापासून फेरीवर जाणारा प्रत्येक जण कापडी मास्क लावेल, नाकासकट. निघण्याआधी मी प्रत्येक घरी फोन करून सांगेन की मुलगा धडधाकट आहे. पिशवी ठेवून बेल वाजवायची आणि ड्राइव्हवेपर्यंत मागे यायचं. तोंड दिसत नसल्यामुळे स्वतःचं नाव मोठ्याने आणि मराठीत सांगायचं, कालच एका आजींनी पिशवी कुरियरवाल्याची समजून परत दिली. गप्पा फोनवर. डब्लिनला पाटी. आग्रह कितीही झाला तरी मास्क खाली करून चहा घ्यायचा नाही. हे मी विशेषतः एका मुलाला उद्देशून लिहितो आहे, त्याला कळलं असेल.

मास्क क्युपर्टिनोला तयार आहेत, सकाळी आठनंतर पोर्चवरून घ्या.

सॅन रॅमन: २० पौंडांची एक पिशवी मिळाली आहे, उद्याच्या फेरीत येते.

• • •

प्रेषक: फ्रीमाँटचे काका
शुक्रवार, ३ एप्रिल, रात्री ९.३०

अनुमोदक तुमचे तुम्हीच ठेवा.

२९ फेब्रुवारीला "घेऊ नका", ३ एप्रिलला "लावा". पाच आठवडे. पुरेसे नाहीत, जे आहेत ते दवाखान्यांना हवेत, तुम्ही घरी फडकं शिवा, असं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी तेव्हाच जुन्या धोतराचा शिवला असता. रेशनच्या रांगेत वाढलेल्या माणसाला टंचाई समजते हो. मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून चार घरी मास्क लावू नका म्हणून सांगितलं, त्यातल्या एका घरी हार्टचा पेशंट आहे. आता त्या चारही घरी परत फोन करतोय. दोन झाले, दोन बाकी आहेत.

गराजमध्ये एक बंद खोकं सापडलं, २० चं, झडप नसलेलं. पोर्चवर ठेवलंय, नर्सताईंनी कधीही न्यावं, बेल वाजवायचीही गरज नाही. झडपेचे मी ठेवून घेतोय, आगीचा मोसम काही लांब नाही.

उद्या फ्रीमाँटच्या दोन घरांची फेरी मी करतो, मुलांना तेवढं कमी. मावशी, माझ्यासाठी दोन ठेवा. दाढी आहे, जरा मोठा लागेल. फुलाफुलांचा असला तरी चालेल.