रायग्रास: मखन घास आणि लॉनचं बी एकच का?

निफाडचा गोठा:
१० गुंठे मोकळे आहेत, दिवाळीनंतर रायग्रास हे थंडीतलं चाऱ्याचं गवत टाकायचंय. गोठ्यात ४ एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाई. दुकानात दोन पिशव्या दिसल्या. एकीवर ‘मखन घास’, दुसरीवर ‘पेरेनियल रायग्रास, लॉनसाठी’. दुसरं वर्षानुवर्षं टिकतं म्हणतात. मग तेच चाऱ्याला आणि अंगणातल्या हरळीतही टाकलं तर? बी किती लागेल?

चारा-वैरण:
नको. मखन घास म्हणजे इटालियन रायग्रास, एका हंगामाचं. पेरेनियल टिकतं ते इंग्लंड-न्यूझीलंडच्या थंड उन्हाळ्यात. पारा तिशीपार गेला की वाढ थांबते आणि तुमच्या एप्रिल-मेमध्ये ते जळून जातं. म्हणजे टिकाऊपणाचे पैसे वाया.

१० गुंठ्यांना मखन घासचं अडीच किलो बी पुरतं. पेरणी ऑक्टोबर मध्य ते नोव्हेंबर मध्य. बी अगदी हलकं असतं, १ सेंमीपेक्षा खोल गेलं की उगवण विरळ होते. म्हणून वाफे सपाट करा, बी वाळूत मिसळून आडवं-उभं फेका, वरून काटेरी फांदी ओढा आणि पाणी हळू सोडा, नाहीतर सगळं बी वाफ्याच्या टोकाला जमतं.

पहिली कापणी ५०-६० दिवसांनी, पुढच्या २५-३० दिवसांनी. बुडाशी ३ बोटं ठेवूनच कापा. फुटव्याला लागणारी साखर त्याच बुडख्यात असते. जमिनीलगत विळा चालवला की पुढची कापणी लांबते. दर कापणीनंतर ५-६ किलो युरिया आणि लगेच पाणी. कोवळ्या घासात पाणीच फार, नुसता घातला तर शेण पातळ होतं. कडबा कुट्टी सोबत हवीच.

क्राइस्टचर्चकर:
खरा धोका अजून कुणी सांगितला नाही. लॉनच्या पेरेनियल जातींत बऱ्याचदा मुद्दाम एंडोफाइट, म्हणजे गवताच्या आत राहणारी बुरशी ठेवलेली असते. किडीला ती आवरते, पण तिच्या लोलिट्रेम बी या विषानं जनावरं थरथरतात, झोकांड्या खातात, हाकलली की कोसळतात. विष बुडाशी आणि कणसांत जास्त साठतं, म्हणून इथे न्यूझीलंडमध्ये उन्हाळ्याच्या शेवटी गवत बुडापर्यंत चरलं गेलं की त्रास वाढतो. कुरणासाठी एआर१ सारख्या लोलिट्रेम नसलेल्या बुरशीचं बी वेगळं मिळतं. लॉनचं कापलेलं गवतसुद्धा गाईपुढे टाकू नका.

बी सुटं मिळालं तर ओळख अशी: इटालियनचं नवं पान सुरळीसारखं गुंडाळून येतं आणि दाण्याला कुसळ असतं. पेरेनियलचं पान मधोमध दुमडलेलं, दाणा बिनकुसळी.

हिरवळ:
अंगणात मात्र पेरेनियलच. स्वस्त म्हणून वार्षिक (इटालियन) टाकलं तर पान भरड, फिकट, आणि आठवड्यात दोनदा कापावं लागतं. निफाडच्या थंडीत हरळी पिवळी पडते, तेवढ्यापुरता हा उपाय चांगला. हरळी दीड सेंमीवर कापा, दाताळ्यानं पेंढा काढा, चौरस मीटरला ३०-४० ग्रॅम बी टाकून वर चाळलेलं शेणखत भुरभुरवा. ६-८ दिवसांत उगवतं, तोवर दिवसातून तीनदा हलकं पाणी. संध्याकाळी पाणी नको. दाट रोपं रात्रभर ओली राहिली की बुरशीनं चट्टे पडतात.

फेब्रुवारीअखेर खाली कापून पाणी तोडा. तेव्हा रायग्रासची सावली राहिली तर हरळी फुटत नाही आणि एप्रिलात दोन्ही जाऊन माती उघडी पडते.

निफाडचा गोठा:
मग मखन घास ठरलं. बरसीममध्ये (द्विदल हिरवा चारा) मिसळलं तर?

चारा-वैरण:
उत्तम. १० गुंठ्यांना बरसीम २ किलो, मखन घास १ किलो. नुसत्या बरसीमनं होणारी पोटफुगी कमी होते आणि युरियाही निम्म्यावर येतो. युरिया जास्त पडला तर घास पुढे जातो आणि बरसीम खाली दबतं.