शनिवारी मेन गेटचं वेल्डिंग

शिंदे (सचिव): नमस्कार मंडळी. मेन गेटच्या डाव्या पल्ल्याची खालची बिजागरी तुटली आहे. गच्चीवरच्या सोलरच्या टाकीचा स्टँडही दोन पायांपाशी गंजून खाल्ला गेलाय. २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन भाड्यानं मिळालंय, कारागीर शनिवारी १० वाजता येईल. वॉचमनच्या केबिनमधल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर मशीन लावलं तर चालेल ना? जाणकारांनी सांगावं.

कुलकर्णी काका (ए-५०४): चालेल म्हणजे सुरू होईल. टिकेल असं नाही. हिशोब बघा. ९० अँपिअरवर वेल्डिंग करताना आर्कचा, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या ठिणगीचा, व्होल्टेज साधारण २३-२४. म्हणजे बाहेर सव्वादोन हजार वॅटच्या आत-बाहेर. मशीनमधली घट आणि पॉवर फॅक्टर धरला की लाइनमधून १५-१६ अँपिअर ओढले जातात. पूर्ण २०० ला नेलं तर ३५-४०. केबिनमधल्या त्या पांढऱ्या सॉकेटच्या पितळी पाकळ्या सैल असतील तर पंधरा मिनिटांत प्लगचा टॉप तपकिरी होतो आणि जळक्या बेकेलाइटचा वास येतो. तो वास आला की काम थांबवायचं, टॉपला फडकं गुंडाळून पुढे रेटायचं नाही.

शिंदे (सचिव): मग कुठून घ्यायचं?

कुलकर्णी काका (ए-५०४): कॉमन मीटरच्या पॅनेलमधून वेगळा पॉइंट काढा. ३२ अँपिअरचा सी कर्व्हचा एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच; सी कर्व्हचा क्षणिक झटका सोसतो), निळं तीन पिनांचं इंडस्ट्रियल सॉकेट, ४ एमएमची तांब्याची तीन कोअर वायर. बी कर्व्ह नको, कारण मशीन ऑन करताना आतले कॅपॅसिटर एकदम भरतात आणि त्या झटक्यानं तो उगाच पडतो. लिफ्ट ज्या फेजवर आहे तो फेज टाळा. काम वायरमनकडूनच करून घ्या आणि पॅनेलमध्ये ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पडणारा स्विच, आहे तो बायपास करायचा नाही. तो पडत असेल तर गळती कुठे आहे ते शोधायचं.

पवार (बी-३०२): काका, एक्स्टेन्शनचंही सांगा. हे लोक ड्रिलची रीळ घेऊन येतात.

कुलकर्णी काका (ए-५०४): हो, तेच लिहीत होतो. पॅनेलपासून गेट ३० मीटर. १ एमएमची वायर वापरली तर जाऊन-येऊन ६० मीटर तांबं, रोध साधारण १ ओहम. १६ अँपिअरला १६-१७ व्होल्ट वाटेतच खपले आणि पावणेतीनशे वॅट उष्णता वायरीत. रीळ गुंडाळलेली असेल तर ती उष्णता बाहेर पडत नाही, आतले थर वितळून एकमेकांना चिकटतात. अडीच एमएम घेतली तर घट ७ व्होल्ट, चार एमएमला साडेचारच्या आसपास. कुठलीही वायर असो, पूर्ण उलगडायची. आणि व्होल्टेज पडला की इन्व्हर्टर मशीन गप्प बसत नाही, तेवढीच ताकद द्यायला लाइनमधून जास्त अँपिअर ओढतं. वायर आणखी तापते.

नेहा (सी-२०३): बेसिक प्रश्न आहे, हसू नका. अर्थिंग करायचं म्हणजे मशीनच्या केबलचा तो मोठा चिमटा गेटला लावायचा ना?

कुलकर्णी काका (ए-५०४): हसण्यासारखं काहीच नाही, अर्धे कारागीर इथेच चुकतात. दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव दिलंय. एक, मेन केबलमधली हिरवी वायर. ती मशीनच्या पत्र्याला जोडलेली असते. आत शॉर्ट झाला तर पत्र्यात वीज राहू नये म्हणून. दुसरा, तो मोठा चिमटा. त्याचा जमिनीशी संबंध नाही. रॉड धरायच्या होल्डरमधून गेलेला करंट मशीनकडे परत आणायची ती वाट आहे, बस. चिमटा लावला म्हणजे हिरवी वायर नसली तरी चालतं, असं समजून दोन पिनांचा टॉप लावतात. ते धोक्याचं.

पवार (बी-३०२): आणि चिमटा कुठे लावायचा यावर सगळं काम अवलंबून. गेटच्या खांबाला लावला आणि वेल्डिंग पल्ल्यावर केलं, तर परतीचा करंट कुठून जाणार? वरच्या चांगल्या बिजागरीतून आणि खालच्या चाकाच्या बेअरिंगमधून. बेअरिंगच्या गोळ्यांवर बारीक ठिणग्या पडून खड्डे पडतात. त्या दिवशी काही कळत नाही, महिन्याभरात गेट करकरायला लागतं आणि दोष ग्रीसला. म्हणून ज्या तुकड्यावर रॉड चालणार त्याच तुकड्याला चिमटा, जोडापासून वीतभर अंतरावर. तिथला रंग ग्राइंडरनं उडवून चकचकीत लोखंड काढायचं. रंगावर लावलेला चिमटा तापतो, आर्क फडफडतो आणि कारागीर करंट वाढवत बसतो.

कुलकर्णी काका (ए-५०४): गेटला बूम बॅरिअर किंवा मोटर जोडलेली असेल तर तिचे कनेक्शन आधी काढा. खांबावरच्या सीसीटीव्हीचंही. आणि चिमटा पाण्याच्या पाइपला, लिफ्टच्या रेलला, कॉलमच्या उघड्या सळईला किंवा गच्चीवरच्या वीजरोधकाच्या पट्टीला कधीही नाही. परतीच्या करंटला सोपी वाट मिळाली नाही तर तो बिल्डिंगच्या हिरव्या वायरीतून फिरतो. दीड एमएमची वायर शंभर अँपिअरला किती टिकेल?

देशपांडे वहिनी (बी-१०४): गच्चीवरच्या कामाची मला जास्त काळजी आहे. एमएनजीएलच्या गॅसची पाइप डक्टमधून वरपर्यंत गेली आहे आणि आमच्या बाल्कन्यांना कबुतरांच्या जाळ्या आहेत.

पवार (बी-३०२): वहिनी, बरोबर जागी बोट ठेवलंत. नायलॉनच्या जाळीवर ठिणगी पडली की ती वितळत खाली गळते आणि खालच्या कपड्यांवर पडते. वेल्डिंगपेक्षा ग्राइंडरच्या ठिणग्या लांब जातात. माझं मत, सोलरच्या स्टँडला वर वेल्डिंगच करू नये. टाकीच्या आत पफचं, म्हणजे फोमचं, इन्सुलेशन असतं, ते पेटलं तर धूर विषारी. काचेच्या नळ्यांवर तापलेला थेंब पडला की नळी तडकते. पाय बोल्टचे असतील तर उघडून खाली आणा, खाली मोकळ्यावर जोडून परत बसवा. टाकी आधी रिकामी करून दुसऱ्या टेकूवर घ्या, दोनशे लिटर म्हणजे नुसतं पाणीच दोनशे किलो.

शिंदे (सचिव): पाय बोल्टचेच आहेत. खाली आणू. पण स्टँड जीआयचा, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा आहे, चालेल ना?

पवार (बी-३०२): चालेल, पण जस्त काढल्याशिवाय नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंनी इंचभर जस्ताचा थर घासून काढायचा. तो तसाच जाळला तर पांढरा धूर निघतो. संध्याकाळी थंडी वाजून ताप, तोंडाला धातूची चव, अंगदुखी. दुसऱ्या दिवशी उतरतो म्हणून कारागीर मनावर घेत नाहीत. दूध पिऊन हा धूर बाधत नाही असं सगळे सांगतात, त्यात काही तथ्य नाही. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं नाही, वारा बाजूनं यायला हवा, म्हणजे धूर तोंडापाशी घुटमळत नाही. काम झालं की जोडावर झिंकचा कोल्ड गॅल्व्हनाइझिंग रंग, नाहीतर गंज आधी तिथूनच सुरू होईल.

मोरे (सी-६०१): रॉड कुठले आणायचे? मी उद्या रविवार पेठेत बोहरी आळीत जाणार आहे.

पवार (बी-३०२): मोरे साहेब, ६०१३ प्रकारचे घ्या. बिजागरीसाठी दहा नंबर, म्हणजे ३.१५ मिमी. स्टँडसाठी बारा नंबर, म्हणजे २.५. पाकीट फाटकं नको. ७०१८ हा दुसरा प्रकार कुणी गळ्यात मारेल, जास्त मजबूत म्हणून. आहेतच मजबूत, पण तो रॉड दमट असेल तर जोडात हायड्रोजन शिरून भेगा जातात. त्याला ३००-३५० अंशांची भट्टी लागते, ती आपल्याकडे नाही. ६०१३ ला दमटपणा लागला तर १००-११० अंशांवर तासभर पुरतं.

करंट: बारा नंबरला ६० ते ९०, दहा नंबरला ९० ते १३०. बिजागरीची पट्टी जाड आहे, ११० नं सुरुवात करा. स्टँडचा अँगल ३ मिमी असेल तर ७० ला ठेवून आधी भंगाराच्या तुकड्यावर बघा. रॉड चिकटतोय, बीड (जोडावर बसणारी धातूची रेघ) दोरीसारखी उंच बसते, तर करंट कमी. कडा खाल्ल्या जाताहेत, ठिणग्या लांब उडताहेत, रॉडचा मागचा भाग लाल होतोय, तर जास्त. आर्कची लांबी रॉडच्या जाडीएवढीच. लांब आर्क दिसायला भारी, पण हवा आत शिरते आणि बीडमध्ये भोकं पडतात.

नेहा (सी-२०३): प्लस-मायनस उलटं लागलं तर मशीन जळतं का?

पवार (बी-३०२): नाही. ६०१३ दोन्हीकडे चालतो. पातळ पत्र्याला होल्डर मायनसवर ठेवला तर भोक पडायचा धोका कमी, ७०१८ ला होल्डर प्लसवर. मशीन जळतं ते दुसऱ्याच गोष्टीनं: केबलचा कनेक्टर सैल. खाच जुळवून आत ढकलायचा आणि उजवीकडे घट्ट फिरवायचा. नुसता ढकलून सोडला की सॉकेट वितळतं. भाड्याच्या मशीनची केबलही बघा. टोकाची एखादी तार ब्लेडनं खरवडायची. आतून चंदेरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, ती लवकर तापते.

कुलकर्णी काका (ए-५०४): मशीनच्या पाटीवर ६० टक्के ड्यूटी सायकल लिहिलं असेल तर अर्थ असा: ४० अंश हवेत दहा मिनिटांतली सहा मिनिटं वेल्डिंग, चार मिनिटं विश्रांती. मशीन तापून पिवळा दिवा लागला की मेन स्विच बंद करायचा नाही. पंखा चालू राहू द्यायचा, दिवा आपोआप विझतो. बंद केलं तर आतली उष्णता आतच कोंडते.

ग्राइंडर मशीनच्या पंख्याकडे तोंड करून चालवू नका. लोखंडाची भुकटी आत ओढली जाते आणि सर्किटच्या कार्डावर बसते. आणि मागचं झाकण कुणी उघडायला गेलं तर थांबवा. आत ३२५ व्होल्ट डीसी साठलेला असतो, टॉप काढल्यावरही काही मिनिटं राहतो.

शिंदे (सचिव): शनिवारी पाऊस आला तर?

कुलकर्णी काका (ए-५०४): पुढे ढकला. मशीनवर आयपी २१ लिहिलंय, म्हणजे वरून उभे पडणारे थेंब सोसेल, पावसाची तिरकी सर नाही. होल्डरवर रॉड न टेकवता ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हातमोज्यात ते जाणवत नाहीत. घामानं भिजलेला मोजा, ओल्या फरशीवर गुडघे टेकलेले आणि हात लोखंडावर, एवढं जीव घ्यायला पुरतं. चामड्याच्या मोज्यांच्या दोन जोड्या ठेवा, एक भिजली की दुसरी. पायाखाली कोरडी फळी.

देशपांडे वहिनी (बी-१०४): मुलं सकाळी सायकली घेऊन गेटपाशीच असतात.

पवार (बी-३०२): गेटभोवती प्लायवूडचा आडोसा उभा करा. पांढऱ्या भिंतीवरून परावर्तित झालेला आर्कही डोळ्यांना लागतो. डोळ्यांना वेल्डिंग लागलं की तेव्हा काही वाटत नाही, ६ ते १२ तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उजेड सोसत नाही. बटाट्याच्या चकत्या, दुधाचे बोळे काही नको, आणि घरातले जुने ड्रॉप्स तर नकोच. थंड पाण्याची घडी बंद पापण्यांवर ठेवायची आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. चोळायचं नाही.

कारागिराच्या मुखवट्याला १० शेडची (तेवढी गडद) काच. गॉगल लावून टाका मारतो म्हणाला तर काम सुरू करू देऊ नका. अंगात सुती, पूर्ण बाह्यांचं. टेरिकॉट अंगाला वितळून चिकटतं.

कुलकर्णी काका (ए-५०४): ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी त्या वेळात गेटकडे फिरकू नये, केबलभोवती चुंबकीय क्षेत्र असतं. नावं इथे लिहीत नाही, ज्यांचं त्यांना माहीत आहे.

मोरे (सी-६०१): बिजागरी जोडल्यावर गेट वाकडं लटकणार नाही ना? मागच्या वेळी जमिनीला घासत होतं.

पवार (बी-३०२): वजन लटकत असताना जोडलं तर घासणारच. पल्ल्याखाली जॅक किंवा लाकडी पाचरी घालून वजन उचलून घ्यायचं. जुनी बीड घासून काढायची, पट्टीच्या कडेला व्ही आकाराची खाच, ग्रीस फडक्यानं पूर्ण पुसायचं, नाहीतर जळून बीडला भोकं. वर-खाली दोन टाके, मग पाचरी काढून गेट उघडून-मिटून बघायचं. फिरत नसेल तर टाके तोडायला दोन मिनिटं लागतात, पूर्ण बीड तोडायला दुपार जाते. बरोबर फिरलं की पाचरी परत घालून इंच-इंचाच्या बीड, एकदा या बाजूला, एकदा त्या. एका बाजूनं सलग मारली तर थंड होताना लोखंड आकसतं आणि बिजागरीची पिन तिरकी ओढली जाते.

शिंदे (सचिव): आग लागलीच तर?

कुलकर्णी काका (ए-५०४): सहा किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर हाताशी ठेवा, काट्याची सुई हिरव्यात आहे का बघून. मशीन पेटलं तर आधी एमसीबी पाडायचा, त्यावर पाणी नाही. गेटजवळच्या दुचाकी ११ मीटर लांब. वेल्डिंग संपल्यावर एक माणूस किमान तासभर तिथे थांबायला हवा, पाचोळा आतल्या आत धुमसतो.

देशपांडे वहिनी (बी-१०४): पाण्याच्या बादल्या बुधवारीच भरून ठेवायला सांगा. गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबानं. शनिवारी नळाच्या भरवशावर राहू नका.

शिंदे (सचिव): ठीक. वायरमनला शुक्रवारी बोलावतो. शनिवारी १० ते २ मेन गेट बंद, ये-जा मागच्या छोट्या गेटनं. गेटलगतच्या १ ते ८ नंबरच्या पार्किंगवाल्यांनी गाड्या शुक्रवारी रात्रीच हलवाव्यात.

मोरे (सी-६०१): रॉडची पाकिटं किती घेऊ?

पवार (बी-३०२): दहा नंबरचं एक, बारा नंबरचं एक. आणि एक चार इंची तारेचा ब्रश घ्या, कारागीर तो हमखास विसरतात.

मोरे (सी-६०१): 👍