१९७१ च्या अँबेसेडरमध्ये भलतंच इंजिन निघालं: ठेवावं की मूळचं बसवावं?

देवळीवाला
नमस्कार मंडळी. आजोबांची १९७१ ची अँबेसेडर मार्क टू आहे, देवळीपासून आत आमच्या गावी. बाबा गेल्यापासून सात वर्षं कोठ्यात कुटाराच्या ढिगाशेजारी ताडपत्रीखाली उभी होती. यंदा दिवाळीत बाहेर काढली, टाकी धुतली, नवी बॅटरी टाकली, आणि चौथ्या सेल्फला गाडी सुरू! पण आरसी बुकात १४८९ सीसी लिहिलं आहे आणि ब्लॉकवरचा नंबर बुकातल्या नंबराशी अजिबात जुळत नाही. मार्क टूचा गिअर स्टिअरिंगपाशी असतो, इथे दांडा खालून येतो. त्यासाठी पत्रा कापून भोक पाडलं आहे आणि कडा कानसेनं इतक्या नीट घासल्या आहेत की हात फिरवला तरी लागत नाही. इंजिन कोणतं ते सांगा. आणि ठेवावं की बदलावं, तेही सांगा. मला तर ठेवावंसं वाटते.

आर्वीचा मिस्त्री
भाऊ, गिअर मोजा. रिव्हर्स सोडून पाच पडत असतील तं ते इसुझू या जपानी कंपनीचं १८१७ सीसी पेट्रोल इंजिन समजा. १९९२ च्या सुमाराला हिंदुस्थान मोटर्सनं अँबेसेडरमध्ये तेच टाकलं, १८०० आयएसझेड म्हणत त्या गाडीले. आमच्याकडे टॅक्सीवाले त्याच्यासाठी जीव टाकत.

कारंजेकर
घाई नको. खालचा गिअर हा पुरावा नाही, मार्क टूच्या मूळच्या इंजिनलाही, म्हणजे बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या इंजिनलाही, लोकांनी फ्लोअर शिफ्ट करून घेतला आहे. गिअरबॉक्स एकीकडचा, इंजिन दुसरीकडचं, असंही पाहिलं आहे. आधी ब्लॉकची डावी बाजू पाहा. बीएमसीला मॅनिफोल्डच्या खाली पत्र्याची दोन झाकणं असतात, टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या दट्ट्यांची. तिथूनच ऑइल गळते, जुन्या माणसांना ते पाठ आहे.

देवळीवाला
गिअर पाच पडतात. डाव्या बाजूला तशी झाकणं नाहीत. शिवाय एक प्रयोग केला. एक नंबरचा प्लग काढून भोकातून सायकलचा आरा सोडला आणि फॅन हातानं फिरवला. पिस्टन वरच्या टोकाला असताना एक खूण, खालच्या टोकाला दुसरी. दोन खुणांत साधारण ८४ मिलिमीटर भरले.

कारंजेकर
प्लगचं भोक तिरपं असते. त्या मापावर विसंबू नका.

आर्वीचा मिस्त्री
तिरपं असते हे खरं, पण पुढचा हिशेब करा ना. तिरप्या आऱ्यानं स्ट्रोकचं, म्हणजे पिस्टनच्या वरून खाली जाण्याचं, माप वाढून दिसते, कमी नाही. बीएमसीचा स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर. ८४ दिसलं तं खरा स्ट्रोक त्याच्याही आत, म्हणजे बीएमसी बादच झालं. इसुझूचा ८२ आहे. आता वरचं कव्हर उघडा. रॉकरच्या मधून कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा लांब दांडा, गेलेला दिसला आणि पुढे चेनचं चाक दिसलं की वाद संपला. बीएमसीचा कॅम खाली ब्लॉकमध्ये असते, तो वरून दिसतच नाही.

देवळीवाला
उघडलं. कॅमशाफ्ट वरच आहे, चेनही आहे. कॅमवर तेलाचा मधासारखा थर होता, बोट लावलं तर खाली धातू आरशासारखा निघाला. सात वर्षं उभं राहूनही गंज नाही. बाबांनी किती जपलं असेल!
आईला विचारलं. ती म्हणाली, १९९८ च्या मे महिन्यात नागपूरहून येताना बुटीबोरीच्या पुढे गाडी उकळली. बाबांनी घाईत थंड पाणी ओतलं आणि ब्लॉकला तडा गेला. मग अपघात झालेल्या एका अँबेसेडरचं इंजिन गिअरबॉक्ससकट नागपुरातून आणलं. बिलाचं तिला आठवत नाही.

कारंजेकर
ओळख पटली, मिस्त्रींचं बरोबर निघालं. पण आता माझं ऐका. ही गाडी ५० वर्षांवरची आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, 'व्हीए' मालिकेचा नंबर, २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षं मुदत. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिन, कशातच मोठा फेरफार नको. मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्लिश गाडीवरून बंगालमध्ये उत्तरपाड्याला घडलेली ही गाडी. तिचं लोखंडी बीएमसी इंजिन म्हणजे तिचा आवाज आहे. २०१४ ला उत्पादन बंद झालं. असल्या गाड्या आता भंगारातच चालल्या आहेत. बीएमसी ब्लॉक अजून मिळते, बसवा.

देवळीवाला
मला ती प्रदर्शनात उभी करायची नाही. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज वापरता येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच. मला आईला वर्ध्याला दवाखान्यात न्यायचं आहे, पोळ्याला पोरांना फिरवायचं आहे. आणि हे इंजिन तरी परकं कसं? अँबेसेडरच्या पोटातून अँबेसेडरच्याच पोटात आलं. आजोबांनी जुनं इंजिन २७ वर्षं चालवलं, बाबांनी हे बसवून गाडी भंगारात जाऊ दिली नाही. दोन्ही या गाडीच्याच गोष्टी आहेत. बाबांची का पुसायची?

हिंगणघाटची सून
भावनेचं पटते, माझ्या सासऱ्यांच्याही गाडीत असाच बदल आहे. पण कायदा विसरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबरच पाहील. आणि जे इंजिन तुम्ही लावलं नाही, ते चोरीचं नव्हतं हे कशावरून? बिल किंवा आधीच्या मालकाचा कागद शोधाच. आमच्या सासऱ्यांनी तो जपला नाही. इंजिन नंबर बुकावर चढवताना आम्हाला फार धावपळ करावी लागली.

आर्वीचा मिस्त्री
ताईचं शंभर टक्के खरं. आणि आणखी एक, याच्याबद्दल कोणी बोलूनच नाही राहिलं. बीएमसीची ताकद पन्नास एचपी, इसुझूची पंचाहत्तरच्या आसपास. पण मार्क टूले चारही चाकांना ड्रम ब्रेक, ते तसेच आहेत ना? गाडी ऐंशीवर सहज जाईल, थांबणार कशी? इंजिन ठेवा, पण आधी ब्रेकचे लायनर, सिलिंडर, होस पाइप सारे नवे करा. पेट्रोलचे रबरी पाइपही बदला. आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलनं जुनं रबर लवकर खराब होते.

कारंजेकर
ब्रेकचं मान्य, ते आजच करा. इंजिनबाबत माझं मत बदललं नाही. अशी गाडी ज्याच्या हाती येते, त्यानं ती मूळ रूपात पुढे द्यावी असं मला मनापासून वाटते. बाबांचं इंजिन विकू नका, पण तडा गेलेला जुना ब्लॉक कुठे आहे ते आईला विचारा. ओतीव लोखंडाचा तडा शिवणारे कारागीर अजून आहेत. आरसीवरचा नंबर त्याच ब्लॉकवर आहे.

देवळीवाला
आईला विचारलं. ती कोठ्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून हसली. टिनाच्या छपराच्या मधल्या खांबाखाली टेकण म्हणून तोच ब्लॉक ठेवला आहे, २७ वर्षांपासून. पाठ टेकून मी तिथं लहानपणी बसत असे. उद्या सकाळी खांबाला दुसरा टेका देतो आणि तारेच्या ब्रशनं घासून नंबर पाहतो. इसुझूच राहील गाडीत, पण हा ब्लॉक आता मातीत ठेवत नाही.