बालवाडीत इंग्रजी शिकवायला हिंदी गाणं: चालेल का?

बालवाडीताई

भोसरी एमआयडीसीला लागून एक खासगी बालवाडी आहे. चालवणारे दुसरे, शिकवते मी. पटावर २६ मुलं, वय साडेतीन ते पाच. निम्म्यांचे आईवडील यूपी-बिहारकडचे, बाकीचे बीड, लातूर, नांदेडचे. चालकांचं म्हणणं एकच: "पोरं इंग्लिश बोलली पाहिजेत, नाहीतर पुढच्या वर्षी पालक समोरच्या शाळेत जातील."

आधी ट्विंकल ट्विंकल झालं. सगळी मुलं तोंडपाठ म्हणायची. एकदा विचारलं, डायमंड म्हणजे काय? एकजण म्हणाला, "आमच्या गल्लीतलं सलून." चूक नव्हतंच ते, सलूनचं नाव खरंच डायमंड आहे.

मग मी 'मछली जल की रानी है' घेतलं. हे जवळजवळ सगळ्यांना येत होतं, मराठी घरातल्यांनाही, मोबाइलच्या कृपेने. पहिला आठवडा गाणं आहे तसं, हातवाऱ्यांसकट. दुसऱ्या आठवड्यात मछलीच्या जागी फिश. मग वॉटर, मग क्वीन. तिसऱ्या आठवड्यात निळा टब आणला, त्यात पाणी आणि प्लास्टिकचे मासे. आता सूर बंद, नुसत्या सूचना: टच द फिश. टेक द फिश आउट. पुट इट बॅक. 'आउट' म्हटल्याबरोबर चार पोरांनी अंपायरसारखं बोट वर केलं! तो शब्द त्यांना माझ्या आधीपासून येत होता.

परवा एका वडिलांचा व्हॉइस मेसेज आला. "मराठी मुलांना इंग्रजी शिकवायला हिंदी कशाला? मराठी गाणी संपली का?" चालक म्हणतात, वाद नको, बंद करा. माझं काही चुकतंय का? मोकळेपणाने सांगा.

सडेतोड सदा

चुकतंय. ताई, तुमचा हेतू चांगला आहे हे धाग्यातूनच कळतं, त्यामुळे राग तुमच्यावर नाही.

गेल्या वर्षीच सगळं बघितलं ना आपण? १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी सक्तीचा जीआर, मग १७ जूनला 'सक्ती नाही पण सर्वसाधारणपणे हिंदी' असा सुधारित, आणि एवढा गदारोळ झाल्यावर २९ जूनला दोन्ही मागे घेऊन समिती. लोक रस्त्यावर उतरायच्या तयारीत होते तेव्हा कुठे. आणि इथे पहिलीच्याही आधी, साडेतीन वर्षांच्या पोराला, कुणी न सांगता आपण हिंदीतून नेतोय. सरकारला जे दारातून जमलं नाही ते खिडकीतून आत आलं, आणि खिडकी आपणच उघडली.

बीडच्या मुलाच्या डोक्यात मासा आहे. त्याला आधी मछली शिकवायची, मग फिश. दादरहून ठाण्याला जायला कुणी पनवेलमार्गे जातं का?

बालवाडीताई

सदा, पनवेलमार्गे कुणी जात नाही, पण पोरं आधीच पनवेलला बसलेली असतील तर? मछली मी शिकवली नाही. ती माझ्याकडे येताना घेऊन आली. मी वर्गात हिंदी 'शिकवत' नाही, सूचना मराठीत देते. बिहारची मुलं तीन महिन्यांत "टीचर, शू ला जाऊ?" असं स्वच्छ विचारायला लागतात.

पोहेवाला

पॉपकॉर्न नाही, पोहे घेऊन बसलोय. चालू द्या.

मात्रावृत्त

भाषेचं राजकारण क्षणभर बाजूला ठेवतो. माझा आक्षेप कानाचा आहे.

'मछली जल की रानी है' ही ओळ मोजून बघा. मछली ४, जल २, की २, रानी ४, है २. १४ मात्रा झाल्या, शेवटी २ मात्रांचा थांबा, एकूण १६. आठ-आठच्या दोन तुकड्यांवर टाळी अगदी चपखल बसते, म्हणून तर तीन वर्षांचं पोर ते पहिल्या दिवशी उचलतं. आपल्याकडे, मराठीत काय आणि हिंदीत काय, प्रत्येक अक्षराला त्याचं माप मिळतं. कुणाला लघु, कुणाला गुरू, पण उपाशी कुणी राहत नाही.

इंग्रजी असं चालत नाही. 'क्वीन ऑफ द वॉटर' म्हणताना जोर दोनच ठिकाणी पडतो, क्वीनवर आणि 'वॉ'वर. मधलं 'ऑफ द' जवळजवळ गिळायचं, आणि 'टर' कसंबसं उरतं. ज्या इंग्रजी बडबडगीतांना आपण हसतो, की अर्थ कळत नाही, नुसतं पाठ करतात, त्यांचं खरं काम अर्थ देणं नाहीच. कुठे आपटायचं आणि कुठे गिळायचं, हे ती कानात भरतात. तुम्ही इंग्रजी शब्द मात्रांच्या साच्यात ओतलेत की मूल 'वा-ट-र' असं तीन समान तुकड्यांत म्हणणार, 'ऑफ'वर टाळी वाजवणार, आणि 'द' तर ओळीत मावतच नाही म्हणून कायमचा गळणार. विशीतसुद्धा आपण 'आय वेंट टू मार्केट' म्हणतो त्याला अशा सवयी कारण असतील का, एवढाच प्रश्न.

बालवाडीत कान उघडे असतात. त्याच वयात चुकीचा ताल बसवणं मला पटत नाही.

आयटीतला शेतकरी

@मात्रावृत्त, मी पण 'वाटर' म्हणतो. रोज रात्री अमेरिकेतल्या लोकांशी कॉल असतो. त्यांना पाणीही मिळतं आणि माझं कामही. तुमचं सगळं बरोबर असेल, पण भोसरीत ज्या टीचरकडून मूल इंग्रजी ऐकणार, ज्या काकांकडून, ज्या यूट्यूबवरून, ते सगळे आपल्याच मात्रांत बोलतात. ताईंनी ट्विंकल म्हटलं तरी ते आठ-आठच्याच तुकड्यांत म्हटलं असेल.

मात्रावृत्त

हा मुद्दा मान्य. ट्विंकलसुद्धा आपण भजनासारखंच म्हणतो.

पाड्यावरचा मास्तर

डहाणू तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर १४ वर्षं आहे. सदांना एक विचारतो. माझ्या पहिलीतल्या मुलांची घरची भाषा वारली. त्यांना मराठी पुस्तकच परकं. मग मी मराठी शिकवायला वारली गाणं घेतलं, तर ती खिडकी म्हणायची की दार? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडला बालवाडी थेट पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या, त्या पाड्याची भाषा आणि पाड्याची गाणी वगळून नव्हे. मुलाला जे येतं तिथून सुरुवात, हे काही आजचं खूळ नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हटलंय.

पण ताई, याच कारणासाठी तुम्हालाही पूर्ण मार्क देत नाही. यूपी-बिहारची म्हणजे हिंदी, हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. विचारलंत का घरी काय बोलतात? भोजपुरी असेल, मैथिली असेल, अवधी असेल. आणि 'जल' कोण म्हणतं हो घरात? पूजेत आणि पुस्तकात. बाकी सगळीकडे पानी किंवा पाणी. म्हणजे तुमच्या वर्गात 'जल' हा शब्द निम्म्यांना नवा आणि 'वॉटर'ही नवा. एका अनोळखी माणसाने दुसऱ्या अनोळखी माणसाची ओळख करून द्यावी तसं झालं.

दुसरं, मुलं इंग्रजी कशातून शिकली? मला वाटतं टबातून. सूचना ऐकायची आणि अंगाने उत्तर द्यायचं, बोलायची सक्ती नाही. जेम्स अ‍ॅशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हीच पद्धत टोटल फिजिकल रिस्पॉन्स म्हणून मांडली. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आहे, तेव्हा आमच्याकडे टब नव्हता, पण 'स्टँड अप, सिट डाउन' होतंच. मग गाणं काढून टाका आणि टब ठेवा. वादही मिटेल.

कोळीवाड्याची सून

एक अनुभव. उत्तनला माझ्या मावससासूबाई अंगणवाडीत आहेत. तिथे हेच गाणं घेतलं होतं. हात लावला की मछली घाबरते, बाहेर काढली की मरते, असं त्यात आहे ना? तर एक चिमुरडी उभी राहून म्हणाली, "बाहेर काढली की बाजारात नेतात." दुसरी म्हणाली, "कुठली मछली? बोंबील का मांदेली?" त्यांच्या घरात नुसती मछली नसतेच, बांगडा असतो, पापलेट असतं, सुरमई असते. त्यांना 'फिश' हा शब्द कळायलाच वेळ लागला, कारण एवढ्या सगळ्यांना मिळून एकच शब्द कशाला, हेच कळेना. शेवटी टोपलीभर मासळी आणली आणि "हे सगळं फिश" म्हणून सांगितलं. वास दोन दिवस गेला नाही.

अवांतर: रानी वगैरे काही नाही, भाव पापलेटचाच असतो.

मेलबर्नची आजी

मी उलटा प्रयोग केला आहे म्हणून लिहिते. नातू सहा वर्षांचा, इंग्रजी फाडफाड, मराठी जेमतेम. त्याला आवडणाऱ्या इंग्रजी गाण्यांच्या चालीवर मी मराठी शब्द बसवले. नाक, कान, डोळे, गुडघे. दोन दिवसांत पाठ! मी खूश. मुलीला फोनवर ऐकवलं, पुण्यातल्या जावेला ऐकवलं.

पुढच्या आठवड्यात तो सायकलवरून पडला. मी विचारलं, कुठे लागलं? रडत म्हणाला, "नी, आजी, माय नी!" मी म्हटलं, अरे गुडघा! तर त्याने रडता रडता गाणं पहिल्यापासून सुरू केलं, आणि गुडघ्यापर्यंत पोचल्यावर थांबला. म्हणजे शब्द होता त्याच्याजवळ, पण गाण्याच्या आत कोंडलेला. सुट्टा निघत नव्हता. आता मी गाणं कमी आणि कुकर लावताना त्याला हाताशी घेऊन बोलणं जास्त असं करते. त्याने सोप्पं झालं असं नाही, पण 'झाकण' हा शब्द आता तो स्वतःहून म्हणतो.

सडेतोड सदा

आजींचा अनुभव वाचून बरं वाटलं (म्हणजे नातवाच्या गुडघ्याबद्दल नाही). मास्तर, वारली गाणं तुम्ही वारली मुलासाठी घेतलंत, मला हरकत नाही, सलाम आहे. ताईंच्या वर्गात बीड-लातूरचीही तेरा मुलं आहेत. त्यांच्या घरची गाणी कधी घेणार? सगळ्यांना 'येतं' म्हणून हिंदी, हे दर वेळी कसं होतं? मोबाइलवर जे वाजतं ते मुलाचं, आणि आजी म्हणते ते अडगुलं मडगुलं कुणाचंच नाही? ज्या भाषेचे व्हिडिओ जास्त, तिचंच गाणं वर्गात येणार असेल तर आपण शिक्षक कशाला, राउटर लावा.

बालवाडीताई

सगळ्यांचं वाचलं. मध्ये चार दिवस लिहिता आलं नाही, स्नेहसंमेलन होतं.

मास्तर, तुमचं ऐकून शनिवारी आयांना विचारलं. अकरा जणी म्हणाल्या घरी भोजपुरी, दोघी मैथिली. आणि 'जल' बद्दल तुम्ही म्हणता तेच. एक आई म्हणाली, जल तो मंदिर में चढ़ाते हैं. तर 'जल'वरून 'वॉटर'कडे न्यायचं हे माझं गणित कच्चं होतं. आता सरळ बादली दाखवते.

सदा, मराठी गाण्याबद्दलची टोचणी लागली. सोमवारी 'चांदोबा चांदोबा भागलास का' घेतलं. बीडची पोरं ओरडून म्हणत होती आणि भोजपुरी पोरं त्यांच्याकडे बघत होती. पहिल्यांदाच असं उलटं झालं. त्यात मून, ट्री, हाउस हे तिन्ही निघालं, निंबोणीचं झाड मात्र फरशीवर खडूने काढावं लागलं.

पण मास्तर, गाणं काढून नुसता टब ठेवा हे नाही पटलं. करून बघितलं मी. मंगळवारी गाणं नाही, थेट टब. जी सहा-सात मुलं कायम पुढे असतात ती आली, बाकी भिंतीला चिकटून बसली. बुधवारी आधी गाणं म्हटलं, तर सगळी हातवारे करत करत टबापर्यंत आली. माझं गाणं शिकवण्यासाठी नाहीच, टबपाशी आणण्यासाठी आहे. ते हिंदी असेल, मराठी असेल, उद्या कुणाच्या आईने भोजपुरी सांगितलं तर ते असेल. एकदा हात पाण्यात गेला की मी गाते कशाला?

चालकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "चांदोबावर तक्रार येणार नाही, तेच ठेवा." मछली सध्या बंद.

आणि एक. बीडकडची एक मुलगी आहे, जूनपासून वर्गात एक शब्द बोलली नव्हती. काल तिची बाटली दप्तरात सांडली. धावत आली आणि म्हणाली, "टीचर, वॉटर आउट!"

सडेतोड सदा

अभिनंदन. पण 'आउट' हा शब्द क्रिकेटचा आहे, तुम्हीच लिहिलंय वर. तुमच्या मछलीचं श्रेय अर्धंच.

मात्रावृत्त

'वॉटर' कसं म्हणाली? जोर पहिल्या अक्षरावर होता की तीन समान तुकडे? खरंच विचारतोय.

बालवाडीताई

ओरडली हो ती. वह्या भिजत होत्या.