तपकिरी पाण्याचा खेळ

नळाच्या पाण्यात विजेच्या कांड्या घातल्या की ते तपकिरी होतं, म्हणजे ते घाण, असं आरओ (पाण्यातले क्षार काढणारं यंत्र) विकणारे दाखवतात. हाच खेळ वडोदऱ्यात दांडिया बाजारात आमच्याकडेही एका विक्रेत्याने केला. आरओचं पाणी स्वच्छ, आजवा तलावातून नळाला येणारं गढूळ! आईचा चेहरा पडला. मी आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हटलं, "आता घाला कांड्या." मिनिटभरात तेही चहासारखं. अहो, तो गंज कांडीच्याच लोखंडाचा! क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं. आरओत क्षारच कमी, म्हणून तिथे काही होत नाही. भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षार चालतात. आणि जंतू? ते क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरला दिसतच नाहीत. विक्रेता मात्र चहा पिऊन गेला, आजवाच्याच पाण्याचा.