५४ मिमीचा मावळा करतोय, पण चेहरा होण्याआधीच पुट्टी कडक होते

घोडबंदरकर:
दरवर्षी दिवाळीत सोसायटीतल्या पोरांबरोबर किल्ला करतो, त्यावर बाजारातून आणलेले मावळे, सगळे एकाच साच्यातले. यंदा म्हटलं एक तरी स्वतः घडवायचा, ढाल-तलवारवाला, ५४ मिमी म्हणजे साधारण १/३२ स्केल. तांब्याच्या तारेचा सांगाडा केला, त्यावर पाइप गळला की लावतात ती दोन भागांची पुट्टी चढवली, पण ती अर्ध्या-पाऊण तासात दगड होते, तोवर नाकसुद्धा झालेलं नसतं आणि अंगभर बोटांचे ठसे. जुलैत आधीच्या एका मावळ्यावर स्प्रे प्रायमर मारला तर तो खरखरीत बसला, बोट फिरवलं की पावडर हाताला. ठाण्यात-नवी मुंबईत कुणी करतं का हे? मला पागोट्याचे पेच दिसायला हवेत, नुसता गोळा नकोय.

ऐरोली_सेक्टर८:
सगळं एका बैठकीत करू नका हो, घोळ तिथेच होतोय. पहिल्या दिवशी फक्त उघडं शरीर, ते कडक झालं की दुसऱ्या दिवशी अंगरखा, मग शेला, पागोटं सगळ्यात शेवटी. दर वेळी वाटाण्याएवढीच पुट्टी मळायची, दोन्ही भाग अगदी सारखे. डोकं या मापात जेमतेम ७ मिमी भरतं, ते मी वेगळ्या तारेवर करतो आणि तार बुचात खोचतो म्हणजे हातात फिरवता येतं. दाभण, टूथपिक, बोटं सगळं ओलं ठेवा, ठसे उठत नाहीत.

पागोट्यावर सुईने रेघा ओढू नका, खोटं दिसतं. टाल्कम पावडरवर पुट्टी पातळ लाटा, ब्लेडने २ मिमीची पट्टी कापा, किंचित पीळ द्या आणि खरंच डोक्याला गुंडाळा. आणि ढालीच्या चार फुल्या, म्हणजे वरचे धातूचे गोल उंचवटे, कडेला लावू नका, मधल्या भागात चौकोनात घ्या, कारण आतून मुठीच्या कड्या नेमक्या तिथेच बसवलेल्या असतात.

प्रायमरचं म्हणाल तर पावसाळी दमट हवेत स्प्रे असाच बसतो, कोरड्या दिवशीसुद्धा फार लांबून मारला तर थेंब वाटेतच वाळतात. ती पावडर मऊ टूथब्रशने घासून काढा, ऑक्टोबरपर्यंत ब्रशनेच लावा.

पेणची_खारघरात:
दादा, मी मूळची पेणची, काकांचा गणपतीचा कारखाना होता, डोळ्यांची आखणी बघत मोठी झाले. तीच पद्धत इथे वापरते. आधी पापणीची गडद तपकिरी रेघ, मग आत मळकट पांढरा, बुबुळ गोल टिंब नाही तर उभं, वरच्या पापणीला चिकटलेलं, नाहीतर मावळा दचकल्यासारखा दिसतो. त्यासाठी ट्रिपल झीरो ब्रश नको, त्याच्या टोकावर रंग लगेच वाळतो, शून्य नंबरचा चांगल्या टोकाचा घ्या.

घोडबंदरकर:
काल रात्री पट्टी गुंडाळली, तिसऱ्या प्रयत्नात जमली, पेच एकावर एक स्वच्छ दिसतायत!! खूप आभार दोघांचे. अंगरखा पांढराच ठेवायचाय, पण तो खडूसारखा दिसतो, काय करू?

पेणची_खारघरात:
नळीतला पांढरा सरळ लावू नका. आधी राखाडीत थोडा पिवळा मिसळून सगळा अंगरखा रंगवा, मग चुण्यांच्या उंचवट्यांवर पातळ हात देत देत पांढरा वाढवत न्या, अगदी शुद्ध पांढरा फक्त खांद्यावर. झाला की फोटो टाका, पाठमोरासुद्धा, शेल्याची गाठ बघायचीय.