मदत हवी आहे: पद्मिनीच्या सीटा घरीच मढवायच्या आहेत

नमस्कार मंडळी,

घरची प्रीमियर पद्मिनी आहे, १९७८ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. इंजिन ठणठणीत, पण सीटांची पार रया गेली आहे. गिअर स्टिअरिंगलाच असल्यामुळे पुढे सलग बाक आहे आणि ड्रायव्हरच्या बाजूला तो चांगलाच बसलाय.

दोन-तीन सीटवाल्यांना दाखवलं. सगळ्यांचं एकच, 'स्प्रिंगा काढून टाका साहेब, प्लाय टाकून वर फोम मारून देतो.' त्या स्प्रिंगांवरची डुगडुग गेली तर उरलं काय? म्हणून घरीच करायचं ठरवलंय.

बाक खोलला. वर रेक्झिन, खाली कापूस, त्याखाली काथ्या, मग गोणपाट आणि शेवटी स्प्रिंगा. काथ्या हातात घेतला की भुगा होतो. गोणपाट स्प्रिंगांच्या टोकांनी फाटलंय. स्प्रिंगा गंजल्यात, पण तुटलेली एकही नाही.

अडलंय ते इथे:

काथ्याच्या जागी नुसता फोम चालेल का? उंची वाढली तर मांड्या स्टिअरिंगला घासतील, ही धास्ती आहे.

घरी पायाचं शिलाई मशीन आहे. साधं रेक्झिन शिवतं, पायपिंगपाशी (कडेच्या गोल गोटापाशी) चार थर आले की टाके सोडतं.

आणि जुनं कव्हर उसवून त्याचाच फर्मा करावा म्हणतोय, पण ते इतक्या वर्षांत आटलंय. शिवणीसाठी माया किती सोडू?

प्रतिसाद

प्लायला नकार दिलात ते उत्तम केलंत.

फोम थेट स्प्रिंगांवर टाकू नका, वर्षभरात चिरतो. स्प्रिंगा घासून गंज थांबवणारा रेड ऑक्साइड रंग मारा, नवं जाड गोणपाट ताणून बांधा, त्यावर गाद्यांसाठी मिळते ती रबर मारलेल्या काथ्याची शीट आणि वर एक इंच फोम, ४० डेन्सिटीचा. उंची जवळपास मूळचीच राहते.

उसवण्याआधी जोडांवर आडव्या खुणा करा, नाहीतर कुठला तुकडा कुठे हे कळणार नाही. आटलेल्या कव्हरवर भरवसा नको. आधी मांजरपाटाचं कव्हर शिवून बाकावर चढवून बघा, ते बसलं की त्यावरून रेक्झिन कापा. माया अर्धा इंच पुरे. टाचण्या अजिबात नकोत, रेक्झिनला पडलेलं भोक बुजत नाही. कपड्यांचे चिमटे लावा.

सुई १८ नंबरची, दोरा पॉलिस्टरचा, टाका लांब. बारीक टाके घातले तर पोस्टाच्या तिकिटासारखं तिथूनच फाटतं. पायपिंगची टीप मात्र बॅगा शिवणाऱ्याकडून मारून घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

चढवण्याआधी कव्हर उन्हात टाका. गरम रेक्झिन ताणलं जातं, सुरकुत्या राहत नाहीत.

मूळ प्रश्नकर्ता

आभार! एक राहिलंच. बाकाच्या मधल्या भागात उभ्या फुगीर पट्ट्या आहेत, त्या कशा जमवायच्या?

प्रतिसाद

रेक्झिनखाली पातळ फोम आणि त्याखाली कापड घेऊन तिन्हींवर एकत्र टिपा मारायच्या. पट्ट्या शिवल्यावर पन्ना, म्हणजे रुंदी, बराच आखडतो, तेव्हा तुकडा आधी मोठाच घ्या. पट्ट्या पूर्ण झाल्यावर मगच मापाला कापा.